पेट्रोलचं ग्रास कटर की बॅटरीचं? अख्खा पावसाळा दोन्ही वापरून झाल्यावर

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीकडे गवत कापायची दोन मशिनं आहेत. एक जुनं, पेट्रोलवरचं, टू-स्ट्रोक, ४३ सीसी. दुसरं मे महिन्याच्या अखेरीस घेतलेलं, बॅटरीवरचं, १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवरची बॅटरी. पावसाळाभर आणि नंतरही दोन्ही चालवली. उताराचं काम बहुतेक माळीकाका करतात, पुढचं लॉन आणि कडा मी स्वतः करते. शेजारच्या सोसायट्यांमधून विचारणा होत असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. मशीन बघायला जाण्याआधी तुमच्याकडे गवत किती दिवसांनी कापलं जाणार, हे प्रामाणिकपणे ठरवा. आठ-दहा दिवसांनी हात फिरणार असेल तर बॅटरीचं पुरून उरतं. महिना-दीड महिन्याने कोणालातरी बोलावून एकदाच साफ करायचं असेल, तर बॅटरीच्या नादी लागू नका. दुकानात सगळे ताकद, वजन, किंमत यावर बोलतात, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. आणि ठाण्यात हाच प्रश्न महत्त्वाचा, कारण इथे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत घोट्याएवढं असलेलं गवत बघता बघता गुडघ्याला येतं.

आमच्या मागच्या बाजूला येऊरच्या डोंगराकडे चढत जाणारा उतार आहे. तिथे नुसतं गवत नसतं. टाकळा, तेरडा, गाजरगवत आणि कुंपणाला धरून घाणेरी. जूनमध्ये टाकळा कोवळा असतो, काकू भाजीला खुडून नेतात, तेव्हा मशीनच्या टोकाला गरगर फिरणाऱ्या नायलॉनच्या तारेनेही तो सहज कापला जातो. तोच टाकळा सप्टेंबरात कमरेएवढा होतो आणि बुंधा लाकडासारखा टणक. तिथे बॅटरीचं मशीन लावून पाहिलं. तार बुंध्याला गुंडाळली गेली, मोटर घुरघुरली, लाल दिवा लुकलुकला आणि मशीन आपोआप बंद. ही बिघाडाची खूण नाही, जास्त लोड आला की मोटर जळू नये म्हणून ते थांबतं. पण काम अडलं ते अडलंच. पेट्रोलच्या मशीनला तीन दात्यांचं लोखंडी पातं लावून काकांनी तोच पट्टा एका सकाळी साफ केला. इंजिनाचा आवाज जड होतो, पण ते थांबत नाही.

आता पेट्रोलची दुसरी बाजू, आणि इथे मी मुद्दाम जास्त लिहिते, कारण विकणारे हे सांगत नाहीत. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. कुठे २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली, तर कुठे ५० ला १ म्हणजे २० मिली. कोणतं प्रमाण, हे मशीनच्या पुस्तिकेत आणि ऑइलच्या डब्यावर लिहिलेलं असतं, तेच पाळा. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर धूर आणि स्पार्क प्लगवर काजळी. पंपावर प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देत नाहीत, तेव्हा धातूचा कॅन हवा.

सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे साठून राहिलेलं पेट्रोल. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवेत ओलाव्याला काय तोटा! पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं. गणपतीत काका गावी गेले, टाकीत पेट्रोल तसंच राहिलं. परत आल्यावर दोरी ओढून ओढून खांदा दुखला तरी मशीन चालू होईना. मेकॅनिकने कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडला तेव्हा मी शेजारीच उभी होते. जेटच्या, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक छिद्राच्या, तोंडाशी मधासारखा पिवळट, चिकट थर बसला होता आणि आतला पातळ पडदा कडक होऊन कडेला मुडपला होता. पडदा बदलला, जेट साफ केला, मशीन सुरू झालं. तेव्हापासून काम संपलं की टाकी रिकामी करायची, आणि मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्येही काही उरत नाही. मिश्रण त्या दिवसापुरतंच करायचं. पुन्हा तो त्रास झालेला नाही.

आवाजाचं वेगळं सांगायला नको. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि पेट्रोलचं मशीन चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज साधारण शंभराच्या घरात असतो. कानाला मफ लावल्याशिवाय काकांना मी ते हातात घेऊ देत नाही. अर्ध्या तासाने त्यांच्या हाताला मुंग्या येतात, मग थांबावं लागतं. बॅटरीचं मशीन मी रविवारी सकाळी चालवते, तळमजल्यावर एक आजी आजारी आहेत, त्यांच्या खिडकीखालीसुद्धा. कोणाची तक्रार नाही. वजन निम्म्याहून कमी आणि चालू करायला नुसतं बटण दाबायचं. काका आधी म्हणाले होते, "ताई, हे खेळणं आहे." आता कडा छाटायला ते स्वतःच ते मागतात.

बॅटरी घेताना दोन गोष्टी बघा. '२० व्होल्ट मॅक्स' आणि '१८ व्होल्ट' हे एकच आहे. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल असतात, पूर्ण चार्जला प्रत्येक सेल चारच्या वर जातो, म्हणून २०. ताकदीत फरक नाही. किती वेळ चालेल ते व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करून काढा: १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॉट-अवर. २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत फक्त ३६, म्हणजे स्वस्त पडलेला सेट लॉनच्या मध्यावरच मान टाकतो. काम संपल्यावर बॅटरी तापलेली असते, ती गार झाल्यावरच चार्जरला लावा. आणि महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर पूर्ण भरून नको, अर्ध्यावर ठेवा.

तारेबद्दल थोडं. बॅटरीच्या मशीनला पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा जाड तार लावू नका, मोटरवर ताण येतो आणि बॅटरी लवकर संपते. नायलॉन सुकलं की ठिसूळ होऊन तुकडे पडतात. रीळ रात्रभर पाण्यात ठेवून मग गुंडाळते, तार मऊ राहते आणि कमी तुटते. शिवाय तार कोवळ्या रोपांची साल सोलते. खोडाभोवती साल पूर्ण गेली की झाड वाळतं. आमची कडुनिंबाची दोन रोपं अशी गेली. आता प्रत्येक रोपाला जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून घातला आहे.

सुरक्षेत तडजोड नको. चष्मा, गमबूट, मशीनचा गार्ड, आणि १५ मीटरच्या आत माणूस नको, मुलं तर नकोच. पात्याखालून उडालेला खडा गाडीची काच फोडतो. येऊरचं जंगल जवळ असल्याने आमच्याकडे साप निघतात, घोणससुद्धा. उतारावर उतरण्याआधी काका काठीने गवत झोडतात आणि थोडा वेळ थांबतात.

पुढच्या पावसाळ्यासाठी कमिटीत मी हेच मांडलं आहे: उतारावर जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर दहा दिवसांनी हात फिरवायचा, टाकळा निबर होऊच द्यायचा नाही. नवीन पेट्रोलचं मशीन घेण्याऐवजी त्याच कंपनीची, त्याच खाचेत बसणारी दुसरी बॅटरी घ्यायची. जुनं पेट्रोलचं मात्र विकायचं नाही. कुंपणाची घाणेरी त्याच्याशिवाय निघत नाही.