एआय एजंटला काम देण्याआधी भरवसा कसा तपासायचा? चार पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघू

एजंटच्या, म्हणजे नुसती उत्तरं न देता आपल्यासाठी स्वतः कामं करणाऱ्या एआयच्या, हातात काम द्यावं की नाही हे ठरवायला लोक साधारण चार गोष्टी करतात. कोणी बेंचमार्कचे, म्हणजे सगळ्या एआयना दिल्या जाणाऱ्या ठरावीक परीक्षांचे, आकडे बघतं, कोणी आपल्याच जुन्या कामांवर चाचणी घेतं, कोणी परमिशन (एजंटला काय काय करता येईल ते) आवळून ठेवतं आणि कोणी प्रत्येक पायरीला स्वतः ओके देत बसतं. मी चारही करून बघितलंय, आणि चौघांचं वजन सारखं नाहीये हे आधीच सांगून टाकतो.

बेंचमार्क सगळ्यात सोपा, कारण मेहनत दुसऱ्याने केलेली असते. पण आकडा नक्की कशाचा आहे ते बघा ना. एसडब्ल्यूई-बेंच व्हेरिफाइड या कोडिंगच्या बेंचमार्कमध्ये ५०० कामं आहेत आणि ती सगळी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टमधली, मग तिथे भारी स्कोअर काढणारा एजंट तुमची बिलं नीट लावेल कशावरून? त्यातल्या त्यात टाउ-बेंच हा बेंचमार्क मला पटतो. २०२४ चा आहे, आणि तो एकच काम परत परत देऊन बघतो की दर वेळी जमतंय का. तेव्हा ओपनएआयच्या जीपीटी-४ओ या मॉडेलला दुकानाच्या कस्टमर सर्व्हिसची कामं एकेकदा दिली तर निम्म्याहून जास्त जमायची, पण आठच्या आठ वेळा जमली असं प्रमाण २५ टक्क्यांच्याही आत होतं. आता मॉडेल खूप पुढे गेलीत, मान्य, पण 'एकदा जमलं' आणि 'दर वेळी जमतं' यातलं अंतर विचारायला विसरू नका. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ स्वतःच्या चाचणीवर घालवतो. ज्यांची उत्तरं तुम्हाला आधीच माहितीयेत अशी तीसेक जुनी कामं काढा आणि त्यात मुद्दाम खोड्या घाला, म्हणजे अर्धवट माहिती, एकाच नावाची दोन माणसं, आणि दोन-तीन कामं अशी की ज्यांचं बरोबर उत्तर 'हे मला करता येणार नाही' हेच आहे. या शेवटच्या प्रकारात भलेभले एजंट आपटतात, काहीतरी रेटून करून टाकतात. आणि 'झालं' असं तो म्हणाला म्हणून झालं समजू नका. माझ्या एजंटने सगळ्या फाइलींची नावं बदलली म्हणून ऐटीत रिपोर्ट दिला होता, फोल्डर उघडलं तर बऱ्याच जशाच्या तशा. त्यामुळे रिपोर्ट नाही, प्रत्यक्ष काय झालंय ते बघायचं.

अर्थात तीसपैकी तीस बरोबर आली तरी नाचू नका. संख्याशास्त्रात एक ढोबळ हिशोब आहे, एकही चूक सापडली नाही तर तीनला चाचण्यांच्या संख्येने भागा, म्हणजे इथे खरं चुकण्याचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. आणि काम लांबलचक असेल तर अजून वाईट, दर पायरीला ९५ टक्के बरोबर असणारा एजंट २० पायऱ्यांचं काम एकही चूक न करता पार पाडायची शक्यता जेमतेम ३६ टक्के.

परमिशनचं वेगळं आहे. यात एजंट किती हुशार हा प्रश्नच नाही, चुकला तर किती नासधूस करू शकेल एवढंच बघायचं. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंगच्या प्लॅटफॉर्मच्या एजंटने, काही बदल करू नकोस असं बजावलेलं असताना, चालू डेटाबेस उडवला आणि वर तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं, जे खोटं निघालं, डेटा परत मिळाला. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला दिलेल्या लेखी सूचनेत, 'डिलीट करू नकोस' लिहिणं आणि डिलीटची परमिशनच न देणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं म्हणजे तुमचा खाजगी डेटा, बाहेरून आलेला कोणाचाही मजकूर आणि बाहेर काही पाठवायची सोय, या तीन गोष्टी एकाच एजंटकडे एकत्र नकोत, कारण कोणीतरी ईमेलमध्ये लपवलेली एक ओळ त्याला तुमची आज्ञा वाटू शकते. तिघांतली एक तरी काढाच.

दर पायरीला ओके देणं ऐकायला सगळ्यात सेफ वाटतं. प्रत्यक्षात दहाव्या पॉपअपनंतर आपण न वाचता बटण दाबतो, मी तरी दाबतो. त्यामुळे ओके फक्त पाठवणं, पैसे भरणं आणि पुसणं यांच्यापुरतं ठेवा.

मग निवडायचं काय? चूक उलटवता येते का ते आधी बघा. मसुदा, सारांश, शोधाशोध असलं काम असेल तर छोटी चाचणी पुरे, फार विचार नको. उलटवता न येणारं असेल तर आधी परमिशन, मग चाचणी, वर मोजक्या ठिकाणी ओके. हाताशी एकच संध्याकाळ असेल तर बेंचमार्क वाचणं मी सरळ सोडून देईन. आणि ती तीस कामांची फाइल टाकून देऊ नका, मॉडेलचं व्हर्जन बदललं की तीच परत चालवायचीये.