आउटबोर्डचा पाणी वेगळं करणारा फिल्टर, नवा बल्ब आणि व्हॅक्यूम गेज: ८ महिन्यांच्या वापरानंतर

४० एचपीच्या, कार्बोरेटर असलेल्या टू-स्ट्रोक आउटबोर्डवर (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनावर) हा संच ८ महिने, म्हणजे सुमारे १२० तास चालला आहे. संचात १० मायक्रॉनचा स्पिन-ऑन फिल्टर (खाली पारदर्शक वाटी आणि ड्रेन), नवा प्रायमर बल्ब (पाइपमधला, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा), ८ मिमी बोअरचा ३ मीटर पाइप आणि टी-जोडासकट व्हॅक्यूम गेज (पाइपमधली ओढ, म्हणजे सक्शन, मोजणारं). सुरुवातीलाच सांगतो, या चौघांत लोक फिल्टरकडे बघून संच घेतात, पण दोष पकडून दिला तो गेजने.

तक्रार नेहमीचीच होती. अर्ध्या थ्रॉटलपर्यंत इंजिन छान चालायचं. पूर्ण उघडलं की मिनिटा-दोन मिनिटांत आरपीएम घसरायचे आणि इंजिन मान टाकायचं. त्या वेळी कुणी बल्ब दाबत राहिलं की परत उचल घ्यायचं. हे लक्षण फार बोलकं आहे. बल्ब दाबल्यावर इंजिन सावरतं, म्हणजे स्पार्क ठीक, मेन जेट (जास्त थ्रॉटलला कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं भोक) मोकळा. पेट्रोलच पुरेसं पोचत नाही. लगेच बंद न पडता मिनिटभर का चालतं, तर कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीत साठलेलं पेट्रोल तेवढा वेळ पुरतं. टू-स्ट्रोकमध्ये असं ओढत-रेटत चालवत राहणं धोक्याचं आहे. ५०:१ मिश्रणात लिटरला २० मिली तेल पेट्रोलबरोबरच आत जातं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी पडतं आणि पिस्टनवर ओरखडे येतात.

फिल्टर बसवल्यावर तक्रार गेली नाही. मग टी-जोड फ्युएल पंपाच्या अगदी तोंडाशी लावून गेज बघितलं. आयडलला काटा १ इंचाच्या खाली, पूर्ण थ्रॉटलला ६ इंच. पाऱ्याचे २ ते ४ इंच ही साधारण सहन होणारी मर्यादा. त्यापुढे डायफ्राम पंपाची (लवचिक पडद्याने पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची) ताकद पेट्रोल खेचण्यातच संपते. (आपल्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरावा.) पुढचं काम सोपं झालं. टाकीच्या झाकणाचा व्हेंट (हवेचं भोक) पूर्ण उघडला, फरक नाही. दुसरी टाकी तिच्या स्वतःच्या पाइपसकट जोडली, काटा दीड इंचावर. दोष इंजिनात नाही, हे दहा मिनिटांत कळलं. कार्बोरेटर खोलण्याआधी ही दुसऱ्या टाकीची चाचणी करायलाच हवी. विनाकारण उघडलेल्या कार्बोरेटरमधून नवे दोष जन्माला येतात.

जुन्या टाकीच्या पिकअप नळीची जाळी डिंकासारख्या थराने अर्धी बुजली होती. ती साफ केल्यावर ६ चे ४ झाले. उरलेला अडथळा फिल्टरच्याच डोक्यावर निघाला: संचाबरोबर आलेला काटकोनी जोड बाहेरून ८ मिमीचा, पण आतलं भोक जेमतेम ५ मिमी. तो काढून पूर्ण बोअरचा सरळ जोड लावला आणि काटा २ इंचावर स्थिरावला. संच देणाऱ्याने इथे कंजुषी केली आहे. घेताना प्रत्येक जोडाच्या भोकातून आरपार बघावं.

पाचव्या महिन्यात तेच लक्षण पुन्हा आलं, पण या वेळी गेज पूर्ण थ्रॉटललाही १ इंचाखाली. इथे बरेच जण फसतात. काटा कमी म्हणजे सगळं आलबेल असं नव्हे. वाटेत कुठून तरी हवा शिरत असेल तर व्हॅक्यूम तयारच होत नाही. बल्ब आणि इंजिन यांच्यामध्ये ३० सेमी पारदर्शक पाइप तात्पुरता लावला, तर बुडबुड्यांची माळ स्पष्ट दिसली. सक्शनच्या बाजूची गळती अशीच असते: बाहेर पेट्रोलचा थेंब नाही, वास नाही, फक्त हवा आत येते.

ती शोधायला साबणाचं पाणी चालतं, पण बल्बचा दाब फक्त इंजिनाच्या बाजूला जातो, टाकीकडच्या जोडांना तो मिळतच नाही. त्यासाठी इंजिन बंद ठेवून जादा बल्ब टाकीच्या तोंडाशी लावावा आणि घट्ट होईपर्यंत दाबावा, म्हणजे सगळी लाइन दाबाखाली येते. फिल्टरच्या डोक्याला दोन आत जायची आणि दोन बाहेर पडायची तोंडं आहेत. न वापरलेल्या दोन तोंडांपैकी एकाचा प्लग ढिला होता. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळलेली होती. पेट्रोलच्या आट्यांवर टेप नको, तिचे तुकडे सुटून बल्बच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. पेट्रोलला टिकणारं पेस्टसारखं सीलंट वापरावं आणि पहिले दोन आटे कोरडे सोडावेत.

बल्बबद्दल तक्रार नाही. बाण इंजिनाकडे, आणि भरताना बाणाची बाजू वर धरली की आतले व्हॉल्व्ह नीट बसतात; ८-१० दाबांत घट्ट होतो. चालू इंजिनावर तो थोडा मऊ पडतो, ते बरोबरच आहे. चपटा झाला तर अडथळा टाकीच्या बाजूला: व्हेंट, पिकअप, फिल्टर किंवा कायमच्या टाकीचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारा). कधीच घट्ट होत नसेल तर हवा शिरतेय, व्हॉल्व्ह गेलाय, किंवा फ्लोटची नीडल (वाटीतली पेट्रोलची आवक बंद करणारी सुई) बसत नाही; शेवटच्या प्रकारात कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडतं. घट्ट असूनही इंजिन उपाशी असेल तर बल्बच्या पुढे बघावं: इंजिनावरचा छोटा फिल्टर, पंप, अडकलेली नीडल.

पाइपचं आतलं अस्तर सुटणं हा दोष ओळखायला कठीण. बाहेरून पाइप नवा दिसतो, पण ओढ वाढली की अस्तर आतल्या आत मिटतं. शंका असेल तर पाइप सरळ बदलावा, चिरून बघण्यात वेळ घालवू नये.

फिल्टरने स्वतःचं काम चोख केलं. दर भरणीनंतर ड्रेनमधून ३० मिली काचेच्या बरणीत काढतो. पाणी तळाला वेगळं दिसतं. १०० तासांवर फिल्टर बदलला: गॅस्केटला तेलाचं बोट, हाताने फिरवून गॅस्केट टेकलं की पुढे पाऊण फेरा, पाना नाही. मात्र इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी थर धरतात. हा थर फिल्टरच्या आवाक्याबाहेरचा, तिथे टाकी रिकामी करण्याला पर्याय नाही. पारदर्शक वाटी उघड्या बोटीतच ठीक आहे. बंद इंजिन-खोलीत धातूची वाटी हवी, कारण प्लास्टिक आगीत टिकत नाही.

या संचाने न सुटणारे दोषही आहेत. पूर्ण थ्रॉटलला उत्तम पण आयडलला बंद पडतं, तर पायलट जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बुजलाय. क्लीनर आणि हवेने साफ करावा, तार घालू नये, भोक मोठं होतं. टू-स्ट्रोकमध्ये पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल पल्सच्या वाटेने (क्रँककेसमधल्या दाबाचे ठोके पंपाला पोचवणाऱ्या वाटेने) क्रँककेसमध्ये जातं आणि एका सिलिंडरचा प्लग सतत ओला राहतो. इंजेक्शनच्या इंजिनावर हे गेज फक्त कमी दाबाच्या बाजूचं सांगतं. व्हेपर सेपरेटरच्या (पेट्रोलमधली वाफ वेगळी करणाऱ्या छोट्या टाकीच्या) पुढचा उच्च दाब मोजायला वेगळं गेज लागतं.

ज्यांच्याकडे चांगला फिल्टर आधीच आहे त्यांनी अख्खा संच घेऊ नये. व्हॅक्यूम गेज, पूर्ण बोअरचा टी-जोड आणि ३० सेमी पारदर्शक पाइप पुरे. चाचणी झाली की गेज आणि तो पाइप दोन्ही काढून ठेवावेत. पारदर्शक पाइप उन्हात आणि पेट्रोलमध्ये कडक होऊन जोडापाशी तडकतो.