३०० नंबरचा अलार्म आणि माझे ₹८४,५००

भोसरी-चाकण पट्ट्यात जुन्या सीएनसी लेथवर (कॉम्प्युटरने चालणारं धातू कातायचं मशीन) जॉबवर्क करणाऱ्यांनी हे वाचाच. सर्व्हिस इंजिनिअर म्हणवणाऱ्या एका माणसाने माझ्याकडून ₹८४,५०० काढले. बिघाड होता चार सेलचा.

मशीन २००६ चं, कंट्रोल, म्हणजे मशीनचा कॉम्प्युटर, फॅनक ०आय मेट-टीसी. दिवाळीच्या सुट्टीनंतर मेन स्विच टाकला तर स्क्रीनवर ३०० आणि ३०६ हे अलार्म, एक्स आणि झेड या दोन्ही ॲक्सिसना, म्हणजे हत्यार सरकतं त्या दोन्ही दिशांना. बुशची ऑर्डर तोंडावर आलेली, मशीन बनवणाऱ्या कंपनीचा माणूस लवकर येईना. म्हणून टूल्सच्या दुकानातून मिळालेल्या नंबरवर फोन केला.

व्हिजिटचे ₹३,५०० त्याने आधीच घेतले. पॅनल उघडलं, माझ्या पोराला चहाला पिटाळलं आणि म्हणाला, "शेठ, ड्राइव्ह गेलाय. बंगळुरूला पाठवावा लागेल." ड्राइव्ह म्हणजे ॲक्सिसची मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग.

तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. दोन्ही ॲक्सिस एकाच वेळी, एकच अलार्म! दोन्हींना सामाईक असलेली वस्तू म्हणजे एन्कोडरची, म्हणजे ॲक्सिस कुठे आहे ते सांगणाऱ्या सेन्सरची बॅटरी. ३०६ चा अर्थच बॅटरी संपली असा, स्क्रीनवर तो शब्द लिहिलेला होता. मी विचारलंही. उत्तर मिळालं, "बॅटरी ड्राइव्हच खातोय. तशीच नवी टाकली तर कार्ड जळेल." मी टर्नर आहे. इन्सर्ट, फीड, टॉलरन्स मला विचारा. ड्राइव्हच्या आतलं मी कुठून ओळखणार? डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं की आपण हो म्हणतोच ना?

ॲडव्हान्स ₹३०,००० यूपीआयने, ड्राइव्ह परत आल्यावर ₹५१,०००. पक्कं बिल मागितलं तर "अठरा टक्के जीएसटी वर पडेल" म्हणाला. बिलाशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. जुना पार्ट ताब्यात घ्या. पॅनलमधून काही बाहेर जाणार असेल तर आधी सिरीयल नंबरचा फोटो काढा.

मे महिन्यात पुन्हा तोच अलार्म. शेजारच्या गाळ्यातल्या इलेक्ट्रिशियन काकांनी पॅनलमधला बॅटरी बॉक्स उघडला. आत त्या माणसाने घातलेले टॉर्चचे स्वस्त कार्बन सेल, गळून गंजलेले. चार मोठे अल्कलाइन सेल ₹९६० ला आले. काकांनी दोन्ही ॲक्सिस खुणेवर आणून कंट्रोलच्या १८१५ नंबरच्या पॅरामीटरमधून (सेटिंगमधून) झीरो, म्हणजे मोजमाप सुरू होतं ती जागा, बसवला आणि पहिला कट टाकण्याआधी टरेट (हत्यारं धरणारा भाग) हळूहळू फिरवून पाहिला. हे माहीत नसताना स्वतः करू नका, झीरो चुकला तर टरेट जॉब पकडणाऱ्या चकवर आदळतो. मग मशीन घेतानाचा पॅनलचा फोटो शोधला. ड्राइव्हचा नंबर तोच! वर फक्त नवं स्टिकर.

पोलीस ठाण्यात गेलो. "पैसे तुम्हीच दिले ना? मशीन चाललं ना? मग हे सिव्हिल मॅटर." नंबर जुळणारे फोटो टेबलावर ठेवले, साहेबांनी पाहिलेही नाहीत. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, तर तुम्हाला सर्व्हिस मिळाली आहे म्हणाले. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. ग्राहक मंचाच्या खिडकीवर सांगितलं, मशीन धंद्याचं आहे, तुम्ही ग्राहकच नाही. अहो, २०१९ च्या ग्राहक कायद्यात पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट दिलेली आहे! मी आणि माझा पोरगा, एवढाच आमचा कारखाना. कायदा मी वाचायचा आणि पगार यांनी घ्यायचा? एफआयआर घेत नसतील तर लेखी तक्रार वरिष्ठांना टपालाने पाठवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) कलम १७३(४). हेही मला वकिलाकडून कळलं, ठाण्यातून नाही. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. अर्जात तेच लिहा.

३०७, म्हणजे बॅटरी कमी झाल्याचा अलार्म, दिसला की त्याच दिवशी सेल बदला, आणि मशीन चालू ठेवूनच. बंद करून काढलेत तर झीरो जातो. कंट्रोलची तीन व्होल्टची बॅटरी वेगळी असते, ती गेली तर पॅरामीटरच उडतात. त्यांचा बॅकअप मेमरी कार्डवर आजच घ्या.

माझी तक्रार स्पीड पोस्टाने गेली आहे. तुमचाही ड्राइव्ह कुणी "बंगळुरूला" नेऊन आणला असेल तर स्टिकर खरवडून खालचा नंबर बघा आणि तुमच्या नावाने वेगळी तक्रार द्या. एकट्याच्या अर्जाला हे लोक हलत नाहीत.