घरी बाई की ज्येष्ठांचा निवास?

सांगलीतल्या विश्रामबागच्या काकू पेचात आहेत. काकांना पार्किन्सन्स, मुलगा पुण्यात. चोवीस तासांची बाई ठेवायची की ज्येष्ठांना रोजच्या कामात मदत देणाऱ्या निवासात दोघांनी जायचं?

खर्च: घर स्वस्तच पडतं, हा गैरसमज. पगारात बाईचं जेवण, सुट्टीतली बदली, डायपर मिळवा. मग आकडे शेजारी ठेवा. निवासाची अनामत परत मिळते का, तेही लेखी घ्या.

माणसं: बाई गणपतीला गावी गेली की काकांना उचलणार कोण? निवासात पाळ्या असतात. पण रात्री किती जण असतात ते रात्रीच जाऊन बघा. माहितीपत्रकातला बगीचा कूस बदलून देत नाही. शिवाय निवास म्हणजे दवाखाना नव्हे.

पूर: २०१९चा महापूर आठवा. कृष्णाकाठी तळमजला दोन्हीकडे नकोच.

‘मुलानं टाकलं’ म्हणणारे म्हणोत.

काका हिंडतेफिरते, शेजार भक्कम, तर घर. काकूंचीच कंबर धरत असेल तर निवास, आधी महिनाभर राहून बघून. अंथरुणाला खिळलेल्याला मात्र नर्स असलेलं केंद्रच हवं.