दीक्षा ॲप आणि पुस्तकातला क्यूआर कोड: पाच वर्षं वापरून मग लिहितेय

दीक्षा, म्हणजे शाळेच्या धड्यांचे व्हिडिओ आणि सराव असलेलं सरकारी ॲप, त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, पण म्हणलं आधी नीट वापरून तरी बघू. आता मुलगी पाचवी पास होऊन सहावीत गेली, म्हणजे पहिलीपासून पाच वर्षं झाली, आता लिहायला हरकत नाही. मी बार्शीची, घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, शिक्षण दहावी. मी कोणी शिक्षणातली जाणकार नाही, पण ज्या घरात एकच स्मार्टफोन आणि तोही मिस्टरांबरोबर सकाळी नऊला मार्केट यार्डात जातो आणि रात्री आठला परत येतो, त्या घरात हे ॲप कसं चालतं ते मला चांगलं माहितीय, आणि आपल्यासारख्या पालकांना तेच पाहिजे असतं.

आमची लेक जून २०२० ला पहिलीत गेली. गेली म्हणजे फक्त नाव घातलं, कोरोनामुळे शाळा बंदच होती. नवीन दप्तर, पाण्याची बाटली सगळं आणलं होतं, ते खुंटीला तसंच. वर्गात ती पहिल्यांदा बसली ती थेट दुसरीत, डिसेंबर २०२१ मध्ये, आणि जानेवारीत परत शाळा बंद. म्हणजे पोरीनं मुळाक्षरं गिरवली ती माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी पाटावर बसून. ज्यांची मुलं त्या वर्षी पहिलीत होती त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल, त्या पोरांचा पाया घरातच घातला गेला, जसा जमेल तसा.

तेव्हा राज्याच्या एससीईआरटीनं, म्हणजे शैक्षणिक संशोधन परिषदेनं, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणून अभ्यासमाला सुरू केली होती, रोजच्या अभ्यासाच्या लिंका यायच्या आणि त्या दीक्षावर उघडायच्या. आमच्या बाई त्या ग्रुपवर टाकायच्या आणि आम्ही सगळे पालक खाली अंगठा टाकायचो, हात जोडायचो. मीपण. उघडून बघितली का, तर नाही. मला खरंच वाटायचं की हे पोरीचं काम आहे, माझं नाही, आणि सहा वर्षांच्या पोरीला रात्री मोबाईल देऊन मी शिवत बसायचे.

डोळे उघडले ते टीव्हीवरच्या टिलीमिली मालिकेनं. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून लागायची, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं बनवलेली, पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवरच. त्यात फळ्यासमोर उभे राहून शिकवणारे सर-मॅडम नव्हते, मुलं आणि घरातली मोठी माणसं मिळून घरातल्याच वस्तू घेऊन काहीतरी करायची. फोन नसला तरी टीव्ही होता, त्यामुळे ते बघितलं जायचं. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की अगं हे तर मला पण येतंय. बटणं मोजणं, रंगाप्रमाणे दोऱ्याची रिळं लावणं, लांब-आखूड, माझ्याकडे तर सगळं सामानच पडलेलं होतं. त्यानंतर मी दीक्षा पहिल्यांदा स्वतः उघडलं, पोरीसाठी नाही, माझ्यासाठी.

आता ॲपचं सांगते. हे केंद्र सरकारचं आहे, ५ सप्टेंबर २०१७ ला म्हणजे शिक्षक दिनाला सुरू झालेलं, एनसीईआरटी म्हणजे केंद्राची शैक्षणिक संशोधन परिषद ते चालवते. एक रुपया लागत नाही. मराठीत चालतं. पहिल्यांदा उघडल्यावर भाषा, मग बोर्ड, माध्यम, इयत्ता विचारतं, बोर्डाला महाराष्ट्र निवडा आणि माध्यम मराठी, मग बरोबर आपलीच पुस्तकं समोर येतात. लॉगिन न करता पाहुणे म्हणून पण वापरता येतं. बालभारतीच्या पुस्तकात जो काळा-पांढरा चौकोन छापलेला असतो ना, तो ॲपमधून स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ, सरावाचे प्रश्न वगैरे उघडतं. कॅमेरा खराब असला (आमचा होता) तर चौकोनाबरोबर सहा अक्षर-आकड्यांचा कोड छापलेला असतो, तो टाइप केला तरी तेच उघडतं, हे मला सुरुवातीला माहितीच नव्हतं म्हणून मुद्दाम सांगतेय.

या चौकोनाचं आम्हा सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांना जरा जास्तच कौतुक आहे. पुस्तकात क्यूआर कोड घालायची सुरुवात ज्यांनी केली ते रणजितसिंह डिसले गुरुजी आमच्या शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायचे, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज, म्हणजे जगभरातल्या शिक्षकांतून एकाला मिळणारं बक्षीस, त्यांना मिळालं आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. मी पोरीला सांगितलं होतं, हा चौकोन आपल्या जिल्ह्यातल्या गुरुजींनी आणलाय, तेव्हापासून ती नवीन पुस्तक मिळालं की आधी तो कुठंय ते शोधते.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे डाउनलोड. आपल्याकडे फोन रात्रीच मिळतो आणि रोजचा नेट पॅक तोपर्यंत संपलेला असतो. तर मी रविवारी आठवड्याचे धडे बघून घेते, लागतील तेवढे व्हिडिओ डाउनलोड करून ठेवते, मग नेट नसतानाही ॲपमध्ये चालतात. जुन्या फोनमध्ये जागा कमी असेल तर झालेल्या धड्याचे काढून टाकायचे. पुस्तक फाटलं, हरवलं, पावसात भिजलं तरी घाबरायचं नाही, बालभारतीच्या ई-बालभारती साइटवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत.

आता मध्ये आमच्याकडून एक चूक झाली, तीही सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. पोरगी तिसरीत असताना एका पैसेवाल्या ॲपचा माणूस घरी आला. नाव लिहीत नाही. फार गोड बोलणारा. त्यानं पोरीला चार प्रश्न विचारले, दोन आले, दोन तिच्या इयत्तेच्या वरचे होते ते नाही आले, तर तिच्यासमोरच मला म्हणाला, ताई बेसिकच कच्चं आहे बघा, आत्ता लक्ष नाही दिलं तर पुढे अवघड जाईल. आईच्या काळजाला हात घातला की आई काहीपण करते. टॅब मिळणार, हप्ते पडणार, आम्ही पाच हजार भरले. पोरगी रात्री मला विचारते, आई मी ढ आहे का गं. ते वाक्य माझ्या अजून डोक्यातून गेलं नाही.

त्या ॲपवरून मला रोज मेसेज यायचा, आज मुलीनं चाळीस मिनिटं अभ्यास केला, आलेख हिरवा. मी खूष. पालक म्हणून माझं काम काय, तर मेसेज बघायचा आणि हप्ता भरायचा. एक दिवस कपडे वाळत घालून आत आले तर टॅबवर व्हिडिओ चालू आणि पोरगी टॅबकडे पाठ करून वहीच्या मागच्या पानावर मेंदीची नक्षी काढत बसलेली. रात्री मेसेज आला, पंचेचाळीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी बंद करायला फोन लावला, ते बंद करायलाच दोन महिने गेले, पाच हजारातला एक रुपया परत आला नाही. पाच हजार म्हणजे माझे किती ब्लाउज झाले ते मीच जाणे. मिस्टर काही बोलले नाहीत, पण मला लागलं. म्हणून सांगते, घरी येऊन पोराला नापास करणाऱ्याला चहा द्या आणि वाटेला लावा, सही करू नका.

परत दीक्षावर आलो. पण यावेळी मी नियम केला, मी शेजारी असल्याशिवाय फोन नाही. अर्धा तास, बस्स. जुलै २०२० मध्ये केंद्रानं ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ नावाच्या सूचना काढल्या होत्या त्यातही पहिली ते आठवीला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रं सांगितली होती, आणि बालवाडीच्या पोरांचा अर्धा तास तर पालकांशी बोलायलाच ठेवलेला. शाळा बंद असतानासुद्धा एवढंच, मग शाळा चालू असताना आपण दोन-दोन तास पोराला स्क्रीनपुढं का बसवायचं?

पाचवीतलं एक सांगते. अपूर्णांक. पोरगी एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा मोठा म्हणून लिहायची, का तर आठ मोठा. बाईंनी वर्गात समजावलं, तिथं मान हलवून आली, घरी परत तेच. दीक्षावर त्या धड्याचा व्हिडिओ लावला, त्यात सारख्या भागांचं दाखवत होते, मी मध्येच थांबवला कारण मला एकदम काहीतरी दिसलं. गळ्यातला टेप काढला आणि तिच्यासमोर पाटावर पसरला. म्हणलं हा एक इंच. यात रेघा मोज. आठ भाग. यातला एक भाग म्हणजे आमच्या भाषेत एक सूत. आता सांग, दोन सूत म्हणजे किती? तिनं बोट ठेवून मोजलं, म्हणली दोन छेद आठ. आणि मी गिऱ्हाइकाला याला काय म्हणते? पाव इंच. ती गप्प. मग म्हणली, आई म्हणजे पाव मध्ये दोन सूत बसतात, म्हणजे एक सूत लहान! मग तिनं स्वतःच, मी काही न सांगता, टेपवर अर्धा इंच चार सूत, पाऊण इंच सहा सूत असं करत नेलं आणि वहीत सममूल्य अपूर्णांक लिहून काढले. त्या दिवशी एका काकूंचा ब्लाउज राहिला, राहू दे.

मी वीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरतेय आणि अंश-छेद हा शब्द ऐकला की मला घाम फुटायचा. व्हिडिओ मी थांबवून थांबवून बघितला म्हणून मला कळलं की हे मला येतं, फक्त त्याचं नाव वेगळं आहे. या ॲपचा खरा उपयोग मला हा वाटतो. पोरांइतकंच ते पालकांसाठी आहे, आधी आपण बघावं, आपल्याला समजलं की पोराला आपल्या शब्दात सांगावं. तुमचा टेप असेल, कुणाचा तराजू असेल, गवंड्याचा ओळंबा असेल.

फक्त एवढं लक्षात ठेवा की व्हिडिओ म्हणजे शिक्षक नाही. पोराचं कुठं अडलंय ते त्याला दिसत नाही, ते बाईंना दिसतं नाहीतर आईला. म्हणून मी धडा झाला की काय अडलं ते वहीत मागं लिहिते आणि महिन्यातून एकदा शाळेत जाऊन बाईंशी बोलते, पालक सभेची वाट बघत नाही. सुरुवातीला लाज वाटायची, काय बोलायचं म्हणून. आता बाईच विचारतात, ताई तुमचा टेप घेऊन वर्गात याल का एक दिवस. गेले होते मी, चाळीस पोरं, एक टेप, नुसता दंगा, पण मजा आली. शाळा व्यवस्थापन समितीत पण नाव दिलं, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, पण आमच्याकडे बैठकीला बऱ्याचदा आम्ही दोघी-तिघीच. आयांनो, या ना.

पाचपैकी साडेचार देते. ज्यांना वाटतं पोराच्या हातात फोन दिला की झालं, त्यांच्या उपयोगाचं नाही हे, लहान पोरं नुसतं इकडून तिकडे बोट फिरवत बसतात. शेजारी अर्धा तास बसायची तयारी असेल तर आजच घ्या, आणि व्हिडिओ रविवारीच डाउनलोड करून ठेवा. आमच्या लेकीचा सहावीचा पहिला धडा मी काल रात्री बघून ठेवलाय, आज रात्री फोन घरी आला की बसणार आहोत.