ट्रॅप कॅमेऱ्याच्या नावाखाली फसवणूक : रानाला लागून घर असणाऱ्यांनी आधी हे वाचा

घरामागच्या रानात रात्री काय फिरतं हे कळावं म्हणून आमच्या भागात हल्ली बरेच जण ट्रॅप कॅमेरे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, घेऊ लागलेत. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांच्या पाठोपाठ या नावाखाली भंगार विकणारेही आलेत. आमची झालेली फसवणूक सविस्तर लिहिते, कारण ती पटकन लक्षात येत नाही. कॅमेरा चालू होतो, दिवा लागतो, फोटोही निघतात. फक्त फोटोत जनावर येत नाही आणि माणूस समजतो, आपलं रानच रिकामं आहे.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. मागीलदारी जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि गडग्यापलीकडे आमच्याच मालकीचं, कधी न तोडलेलं रान. ऐन, किंजळ, रायवळ आंबे, कळकाची बेटं, आणि खाली पऱ्या, म्हणजे ओढा. उदमांजर छपरावर येतं, साळिंदर सुरणाचे गड्डे उकरतं, भेकराचा आवाज संध्याकाळी घरात ऐकू येतो. शेजारच्या तात्यांचं तर पहिल्यापासून सांगणं होतं की खवल्या, म्हणजे खवले मांजर, पऱ्याच्या कडेनं रोज फिरतं. ते एकदा नीट बघायचं, त्याची नोंद ठेवायची, एवढ्यासाठी आम्ही कॅमेरे घेतले.

विकणाऱ्याची स्वतःची वेबसाइट होती. मराठी जाहिरात, मराठीत बोलणारा माणूस. ‘व्याघ्रगणनेत वापरलेलं तंत्रज्ञान’ असं मोठ्या अक्षरात. यात खोटं काही नाही, म्हणूनच ते पटतं. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी ट्रॅप कॅमेरे लावले होते, त्यांतून 3 कोटी 48 लाखांवर फोटो मिळाले आणि त्यातले 76,651 वाघांचे होते. ट्रॅप कॅमेऱ्याला लोकांच्या मनात जी पत आहे ती अशा कामातून आलेली आहे आणि हा माणूस तीच पत विकत होता. पुढे वैशिष्ट्यं : 48 मेगापिक्सेल, 4के व्हिडिओ, 0.2 सेकंदात क्लिक, जनावराला न दिसणारा 940 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश, पावसात टिकणारी आयपी66 पेटी, आणि 128 जीबीचं कार्ड मोफत. एका नगाचे 6,499 रुपये. आम्ही दोन मागवले. पैसे यूपीआयनंच घेतले. कार्डानं द्यायची सोय त्या साइटवर नव्हती.

कॅमेरे लावले आणि रिकामे फोटो येऊ लागले. गडगा, पाचोळा, कळकाचं बेट. पुन्हा गडगा. कधी चौकटीच्या अगदी कडेला शेपटीचं टोक. दिवसा उन्हात हललेल्या गवताचे ढीगभर फोटो आणि रात्री जवळजवळ काही नाही. तात्या मात्र सकाळी येऊन हाताला धरून न्यायचे. “वैनी, हे बघा, काल वारूळ फोडलान त्यानं.” आणि खरंच, कॅमेऱ्यासमोर हातभर अंतरावर वारूळ ताजं उकरलेलं, ओली माती बाजूला, पुढच्या नख्यांचे खोल ओरखडे स्पष्ट दिसत होते. कॅमेऱ्यात त्या रात्रीचा एकही फोटो नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. गावात जैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांच्या नोंदीचं, काम सुरू होतं. 2002 च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती असते आणि ती लोकांच्या माहितीवरून ही नोंदवही करते. सभेत तात्यांनी खवल्याचं नाव घेतलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, “एवढे कॅमेरे लावलेत, त्यात तर काही आलं नाही.” आणि नोंद मागे पडली. आयुष्यभर ज्या माणसानं ते रान पायाखाली घातलं, त्याचा शब्द एका खोट्या यंत्रापुढे हलका ठरला. पैसे गेल्याचं दुःख मी एकवेळ गिळलं असतं, हे नाही गिळवलं.

संशय खात्रीत बदलला तो उसन्या कॅमेऱ्यामुळे. ओळखीच्या एका अभ्यासकानं त्याचा जुना, साधा कॅमेरा दिला. तोही त्याच ऐनाच्या खोडाला, आमच्या कॅमेऱ्याच्या बरोबर वर बांधला. त्याच रात्री, तीच जागा. उसन्या कॅमेऱ्यात उदमांजर आलं, साळिंदराची जोडी आली, आणि पहाटेच्या सुमाराला, पाठीची कमान करून, पुढचे पंजे मुडपून चालणारं खवले मांजरही आलं. आमच्या कॅमेऱ्यात गडगा.

मग एकेक दावा तपासला.

ट्रॅप कॅमेऱ्याचा जीव त्याच्या पीआयआर सेन्सरमध्ये असतो. समोरच्या जागेपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही आडवं सरकलं की सेन्सर कॅमेऱ्याला जागं करतो. जागं होऊन फोटो निघेपर्यंतचा वेळ म्हणजे ट्रिगर स्पीड. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून हात आडवा फिरवला आणि फोटोत कोणता आकडा दिसतो ते पाहिलं. 0.2 सेकंद सोडाच, दीड सेकंदाच्या खाली एकदाही आला नाही. तेवढ्यात उदमांजर चौकट ओलांडून जातं. त्यातून खवल्याचं अंग बहुतेक सस्तन प्राण्यांपेक्षा थंड आणि वर खवल्यांचं कवच, म्हणजे सेन्सर मुळात चांगलाच लागतो. एक मात्र न्यायानं सांगायला हवं : एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी कातळ आणि जनावराचं अंग यांच्या तापमानात फारसा फरक राहत नाही, तेव्हा चांगले कॅमेरेही चुकतात. आमची तक्रार रात्रीच्या फोटोंची होती.

मेगापिक्सेलचा आकडा तर निव्वळ फुगवलेला. आतला सेन्सर लहानच असतो, त्याच्या फोटोतले ठिपके सॉफ्टवेअरनं वाढवून फाइल मोठी करतात. फोटो संगणकावर पूर्ण आकारात उघडला की कळतं. उसन्या कॅमेऱ्याच्या लहान फाइलमध्ये साळिंदराच्या काट्यांवरचे काळे-पांढरे पट्टे एकेक मोजता येत होते. आमच्याकडे साळिंदर एकदाच चौकटीत सापडलं, आणि ‘48 मेगापिक्सेल’मध्ये त्याच्या पाठीवर नुसता करडा फराटा होता. ‘न दिसणारा प्रकाश’ही खोटा : अंधारात समोर उभं राहिलं की लाल ठिपके सरळ दिसतात. म्हणजे एलईडी 850 नॅनोमीटरचे. ते वाईट नसतात, उलट त्यांचा उजेड लांब जातो, पण सांगायचं एक आणि द्यायचं दुसरं. शिवाय लाल ठिपके दिसले की चोरालाही कॅमेरा सापडतो.

पण सगळ्यात घातक निघालं ते मोफत कार्ड. याकडे लक्ष द्या, कारण असं कार्ड चांगल्या कॅमेऱ्यालाही खोटं पाडतं. संगणकाला लावलं की ते 128 जीबी दाखवतं. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो, मॅक आणि लिनक्सवर एफ3. हे प्रोग्राम सगळं कार्ड भरतात आणि भरलेलं परत वाचून बघतात. आमच्या कार्डात खरी जागा निघाली 8 जीबीपेक्षाही थोडी कमी. आतल्या चिपला फक्त खोटा आकडा बोलायला शिकवलेलं असतं. जागा संपली तरी कार्ड तक्रार करत नाही. फाइलचं नाव लिहिलं जातं, तारीख-वेळ बरोबर असते, आकारही दिसतो, आत मात्र काही नसतं. गवताच्या रिकाम्या फोटोंनी ते 8 जीबी लवकरच भरायचे आणि पुढच्या रात्री अशाच गेल्या. मी त्यातल्या फाइली उघडून बघितल्या. काहींत वर दोन बोटं उंचीची पट्टी दिसते, त्यात कळकाची पानं, आणि खाली सगळं सपाट करडं. त्या करड्याखाली काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही.

विकणाऱ्याला फोन केला. आधी, “मॅडम, फॉर्मॅट करून बघा.” मग, “मॅडम, सेल चांगले टाका.” सेल नवेच होते. मग, “तुमच्याकडे जनावरंच नसतील, त्याला आम्ही काय करणार?” उसन्या कॅमेऱ्याचे फोटो आहेत म्हटल्यावर सूर बदलला. ‘तपासणीसाठी’ मूळ फोटो आणि कॅमेरा लावलेल्या जागेचं नकाशावरचं ठिकाण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, मग पैशांचं बघू, असा निरोप आला.

ते आम्ही पाठवलं नाही आणि कुणीही पाठवू नये. कॅमेरा बिघडलाय का हे तपासायला जागा कशाला लागते? खवले मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अंगावरच्या खवल्यांसाठी त्याची चोरटी शिकार होते. त्या माणसाच्या मनात तसं काही होतं असं मी म्हणत नाही, पण ठिकाण एकदा बाहेर गेलं की कुठे पोचेल ते आपल्या हातात नाही. कॅमेऱ्याबरोबर अनोळखी अ‍ॅप येतं आणि लोकेशनची परवानगी मागतं, त्यालाही ती देऊ नका. आपल्याकडे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रसारख्या संस्थेनं गावागावांत फिरून लोकांच्या मनात या प्राण्याबद्दल आपुलकी निर्माण केली आहे. ती मेहनत एका फॉरवर्डनं मातीत जाऊ शकते.

नंतर विकणाऱ्याचा फोन लागेना आणि वेबसाइट बंद झाली. थोड्याच दिवसांत तोच कॅमेरा, तीच वाक्यं, दुसऱ्या नावाच्या दुकानात दिसली. तिथे ‘सह्याद्रीत टिपलेले क्षण’ म्हणून जे नमुना फोटो आहेत त्यात एक रकून आहे. रकून हा उत्तर अमेरिकेतला प्राणी. ज्याला कोकणातलं उदमांजर आणि रकून यात फरक दिसत नाही, त्यानं हा कॅमेरा आपल्या रानात कधी लावलेला नाही.

तक्रारीसाठी खोकं कामाला आलं. आयात केलेल्या पाकीटबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असावा लागतो, तसा वैधमापनशास्त्राचा, म्हणजे वजन-मापांच्या कायद्याचा, नियम आहे. आमच्या खोक्यावर फक्त किमतीचं चिकटवलेलं लेबल होतं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्यानं तक्रार 48 तासांत मिळाल्याचं कळवायचं आणि महिन्याभरात निकाली काढायची असते. तेही झालं नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. उत्तर आलं नाही म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करतो आहोत. 2019 च्या कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि ग्राहक तक्रारींच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज होतो. मुदत दोन वर्षांची. पैसे घेऊन कुणी वस्तूच पाठवली नाही तर मात्र वेळ न घालवता सायबर गुन्ह्यांच्या 1930 वर फोन करा. जेवढं लवकर कळवाल तेवढी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

घेणाऱ्यांना माझं सांगणं : ज्याला दुकान आहे, पावती देतो, परत घेतो, अशाकडूनच घ्या, आणि शक्य तिथे क्रेडिट कार्डानं द्या म्हणजे बँकेकडे दाद मागता येते. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. फुकटचं कार्ड वापरूच नका, स्वतः घेतलेलंही आधी तपासा. परतीची मुदत चालू असतानाच स्टॉपवॉचची आणि अंधाराची परीक्षा घ्या. कॅमेरा रानात बांधण्याआधी आठवडाभर मागीलदारी गुडघ्याएवढ्या उंचीवर लावा, मांजर-कुत्र्याच्या वाटेला आडवा. घरचं मांजर ज्यात येत नाही त्यात रानातलं येणार नाही. सिमकार्डवाला घेत असाल तर तो 4जी आहे ना ते बघा. जिओवर 2जी-3जी नाहीच, आणि असे जुने कॅमेरे इथे अजून खपवले जातात. आणि कॅमेरा स्वतःच्या मालकीच्या जागेतच लावा, वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय नाही.

समितीच्या पुढच्या सभेत उसन्या कॅमेऱ्याचा फोटो ठेवला आणि खवल्याची नोंद झाली, तात्यांच्या नावानं. वाडीचं नाव तेवढं लिहिलं, जागा लिहिली नाही. ग्राहक आयोगाचा अर्ज पुढच्या आठवड्यात जाईल. ज्यांच्याकडे असाच, पोपटी-तपकिरी ठिपक्यांचा, समोर तीन ओळींत एलईडी असलेला आणि खोक्यावर आयातदाराचं नाव नसलेला कॅमेरा आला असेल, त्यांनी खोकं आणि पावती टाकू नका, कार्ड फॉर्मॅट करू नका आणि 1915 वर आपापली तक्रार नोंदवा.