चांदनी चौकात फूड टूर घेणार असाल तर आधी हे वाचा

एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन दिल्लीला गेलो होतो. जुन्या दिल्लीच्या गर्दीत त्यांना घेऊन कुठे फिरणार म्हणून ऑनलाइन बघून एक फूड टूर बुक केली, माणशी १,८०० म्हणजे चौघांचे ७,२०० आणि सगळे आधीच यूपीआयने घेतले. दहा ठिकाणं, सायकलरिक्षा धरून. यादीत दौलत की चाट पण होती. ती दुधाच्या फेसाची चाट फक्त थंडीतच मिळते, उन्हाळ्यात फेस टिकतच नाही, हे मला नंतर कळलं. तुम्हाला एप्रिल-मेच्या यादीत ती दिसली तर तिथेच थांबा.

गाइड पाऊण तास उशिरा आला. पराठेवाली गलीत चौघांत दोन पराठे, दरिब्याच्या कोपऱ्यावर एकेक जिलेबी, फतेहपुरीजवळ दोन ग्लास लस्सी, झालं! बाकीची दुकानं म्हणे "आज बंद है". रिक्षाचे पैसेही आम्हीच दिले. मग त्याने खारी बावलीत एका मसाल्याच्या दुकानात नेलं आणि तिथे मात्र दीड तास बसवलं, चहा काय, खुर्च्या काय, दुकानदार आईला माताजी माताजी करत काश्मिरी केशर दाखवत होता, मी नको नको म्हणतेय आणि गाइड म्हणतो "अपनी ही दुकान समझो". आईने ५ ग्रॅम घेतलं, ४,००० रुपये. तेवढ्यात अजून दोन गाइड आपापली माणसं घेऊन त्याच दुकानात आले तेव्हा कमिशनचा प्रकार लक्षात आला, पण पैसे देऊन झाले होते.

घरी अक्षय्य तृतीयेला श्रीखंडासाठी केशर कोमट दुधात टाकलं तर क्षणात लालभडक रंग सुटला आणि काड्या पांढऱ्या पडल्या. खरं केशर हळूहळू पिवळा रंग सोडतं, काडी लालच राहते. आई दिवसभर गप्प होती, मला त्याचंच जास्त लागलं.

गाइडने नंबर ब्लॉक केलाय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर टूरची तक्रार केलीय, चॅट आणि पेमेंटचे स्क्रीनशॉट आहेत म्हणून. तुम्ही बुक करताना दुकानांची नावं चॅटवर लिहून घ्या, गाइडचं पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघा आणि निम्मे पैसे टूर संपल्यावरच द्या. केशराचं मात्र आमच्याकडे काहीच नाही, दुकानदाराने कॅश घेतली आणि बिल मागायचं आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही.